डोक्यावरची गाठ आणि फॉर्मेलीनची बाटली

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या सभेत माझ्याकडे जमाखर्चाचे निवेदन असते. ते यंदाही आहे. छापील ताळेबंद आपल्या हाती आहे आणि त्यातील कोणत्याही रकमेविषयी शंका विचारण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. परंतु अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आज मी आकडे वाचून न दाखविता खर्चाच्या एका नव्या शीर्षाविषयी बोलणार आहे. 'ऊतक तपासणी निधी' असे ते शीर्ष आहे. सभागृहात येताना दोघातिघांनी मला विचारले, की हे ऊतक म्हणजे काय आणि त्यासाठी वेगळा निधी कशाला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर एका रुग्ण बाईंची हकीकत सांगावी लागेल, आणि त्या हकिकतीत माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगावी लागेल.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधशास्त्राचा माझा अभ्यास नाही. पुढे जे वैद्यकीय विवेचन येईल ते आमच्या शल्यचिकित्सकांनी आणि पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी मला वेळोवेळी समजावून दिलेले आहे. बाईंचे नाव व गाव मी सांगणार नाही. त्यांच्या कुटुंबाने हकीकत सांगण्यास अनुमती दिली आहे, एवढे पुरे.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. शेतमजुरी करणाऱ्या. मार्च २०२२ मध्ये त्या आपल्या बाह्यरुग्ण विभागात आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर, टाळूच्या किंचित मागे, सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. केस विंचरताना फणी लागली की तेवढे रक्त येई. आपल्याकडे अशा गाठीला आवाळू म्हणतात आणि बहुतेक आवाळवे निरुपद्रवी असतात. चरबीची किंवा त्वचेखालच्या तैलग्रंथीची गाठ असे निदान झाले, जागा बधिर करून ती काढली, टाके घातले आणि बाई त्याच दिवशी घरी गेल्या. काढलेली गाठ मात्र तपासणीसाठी गेली नाही. ती टाकून देण्यात आली.

अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बाई पुन्हा आल्या. त्याच जागी गाठ पुन्हा वाढली होती आणि आता ती लिंबाएवढी होती. वरची त्वचा लालसर, ताणलेली. बोट ठेवले तर आत नाडीसारखे ठोके लागत. या वेळी तपासणारे शल्यचिकित्सक नवे होते. त्यांनी डोके पाहिले आणि मग, सवयीने असेल, बाईंना गळ्यावरचा पदर बाजूला करायला सांगितला. गळ्याला उजव्या अंगाला मोठी गाठ होती. "ती जुनीच हाय," बाई म्हणाल्या, "वीस वर्सं झाली. दुखत न्हाई." दुखत नाही म्हणून वीस वर्षे कोणाला दाखविली नव्हती. आणि डोक्याच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईंचा गळा पहिल्या खेपेस आम्हीही पाहिला नव्हता.

डोक्याची गाठ काढली, आणि या वेळी ती फॉर्मेलीनच्या बाटलीत घालून आमच्या प्रयोगशाळेत गेली. चार दिवसांनी अहवाल आला: डोक्याच्या त्वचेतील गाठीत थायरॉईड ग्रंथीच्या पेशी आढळल्या. तो अहवाल बिलाच्या कागदांबरोबर माझ्या टेबलावर आला आणि मी चपापलो. माझ्या हिशेबी डोक्यात पहिला विचार आला तो हा, की चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. डोक्याच्या बाटलीवर कोणाच्या तरी गळ्याचे लेबल लागले. मी तावातावाने प्रयोगशाळेत गेलो आणि नोंदवही मागितली.

मॅडमनी नोंदवही दिली, आणि मग मला सूक्ष्मदर्शकापाशी बसविले. गुलाबी रंगाने भरलेली लहान लहान वर्तुळे दिसत होती. कडेने पेशींची एकेक रांग, आत जेलीसारखा पदार्थ. "असे कप्पे शरीरात फक्त थायरॉईडमध्ये असतात," त्या म्हणाल्या. "हे डोक्यावर सापडले, याचा अर्थ ते गळ्यातून चालत आलेले आहेत. लेबल बरोबर आहे, साहेब." खात्रीसाठी त्या ऊतकाचा तुकडा बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठविला. थायरोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन केवळ थायरॉईडच्या पेशीच बनवितात. ते रंगवून दाखविण्याची सोय आमच्याकडे नाही. तोही निष्कर्ष तोच आला. थायरॉईडचा कर्करोग बाईंच्या त्वचेत पसरला होता.

येथे थोडे थांबून या ग्रंथीविषयी सांगतो, कारण सभागृहात थायरॉईडची गोळी घेणाऱ्या भगिनी बऱ्याच असतील आणि त्यांनी विनाकारण घाबरून जाऊ नये. थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेवर, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी बसलेली ग्रंथी. वजन सुमारे वीस ग्रॅम. ग्रंथीचे काम मंदावते म्हणून गोळी घ्यावी लागणे वेगळे आणि कर्करोग वेगळा. गळ्याला गाठ असली तरी बहुतेक गाठी साध्याच निघतात. जो कर्करोग होतो त्यात पॅपिलरी हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, तो सावकाश वाढतो, बहुधा गळ्यातील लसीकाग्रंथींपुरता राहतो आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्ण दीर्घायुष्य जगतात. दुसरा फॉलिक्युलर. आमच्या बाईंचा हा. जेथे अन्नात आयोडीन कमी पडते तेथे तो तुलनेने अधिक दिसतो. तो रक्तवाहिन्यांत शिरतो आणि रक्तावाटे दूर जातो. फुप्फुसे आणि हाडे ही त्याची नेहमीची मुक्कामाची ठिकाणे.

त्वचेत मात्र तो क्वचितच जातो. शंभर रुग्णांत एकाच्याही वाट्याला हे येत नाही. आणि गेलाच तर डोक्याच्या त्वचेतच का जातो, असे मी विचारले. डोक्याच्या त्वचेला रक्ताचा पुरवठा फार मोठा असतो. डोके फुटल्यावर केवढे रक्त वाहते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रक्ताबरोबर वाहत आलेल्या पेशी तेथे अडकतात आणि रुजतात. पुष्कळदा अशी गाठ मुळात कवटीच्या हाडात उगवते आणि तेथून वर येते. बाईंच्या सीटी स्कॅनमध्ये कवटी शाबूत होती. गाठ त्वचेचीच होती. काही रुग्णांत तर गळ्याचा आजार उघडकीस येण्यापूर्वी ही डोक्यावरची गाठच पहिली खूण ठरते. बाईंच्या बाबतीत ती पहिली खूण आमच्या हाती आली होती, मार्च २०२२ मध्ये, आणि ती आम्ही कचऱ्यात टाकली होती.

मी जुना केसपेपर काढविला. त्यावर निवासी डॉक्टरांच्या अक्षरात ओळ होती: 'गाठ काढली. ऊतक तपासणीस नातेवाइकांची संमती नाही.' खाली मुलाची सही. मी मुलाला बोलावून विचारले. तो म्हणाला, "साहेब, काउंटरवर सांगितलं, तपासणीचे पैसे वेगळे, आधी भरावे लागतील. डॉक्टर म्हणाले होते साधीच गाठ आहे. माझ्याकडे परतीच्या एसटीपुरतेच पैसे होते."

ती पद्धत माझी होती. २०१६ साली प्रयोगशाळेची थकबाकी वाढली तेव्हा मी एक परिपत्रक काढले. शस्त्रक्रियेचे बिल आणि तपासणीचे बिल वेगळे करावे, तपासणीची रक्कम आगाऊ घ्यावी, आणि जे भरणार नाहीत त्यांची लेखी नापसंती घ्यावी. परिपत्रकाने थकबाकी खाली आली. त्या वर्षीच्या सभेत माझे कौतुकही झाले होते, जुन्या सभासदांना आठवत असेल. हिशेबाच्या दृष्टीने ते परिपत्रक निर्दोष होते. त्या सहीच्या कागदाने रुग्णालयाचे कायदेशीर संरक्षण झाले, आणि बाईंचे अकरा महिने गेले.

अकरा महिने आधी कळले असते तर काय झाले असते, हे मी शल्यचिकित्सकांना विचारले. त्यांनी मला दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. त्वचेत पसरलेला आजार म्हणजे बहुधा इतरत्रही पसरलेला आजार, तो २०२२ मध्येही पसरलेलाच असणार, असे ते म्हणाले. किती पसरलेला होता, ते त्या टाकून दिलेल्या गाठीबरोबर गेले.

पुढच्या उपचाराची माहिती देतो, कारण देणगीदारांनी ती जाणून घ्यावी अशी माझी इच्छा आहे. हिशेबनिसाला थक्क करणारे असे त्यात पुष्कळ आहे.

थायरॉईडच्या पेशींना आयोडीनची भूक असते. रक्तातले आयोडीन त्या ओढून घेतात, कारण त्यापासूनच त्यांना संप्रेरक बनवायचे असते. त्यांच्यापासून उपजलेल्या कर्करोगाच्या पेशी परगावी गेल्या तरी पुष्कळदा ही खोड सोडत नाहीत. मग आयोडीनच किरणोत्सर्गी करून पाजले तर ते पेशींपर्यंत आपोआप पोहोचते आणि आतून त्यांना जाळते. त्याचा मुख्य मारा दोन मिलिमीटरच्या आतबाहेर संपतो, त्यामुळे शेजारच्या पेशी बहुतांशी वाचतात. कर्करोगाच्या पसरलेल्या गाठींवर असा उपचार केल्याचा वृत्तान्त न्यूयॉर्कच्या सॅम्युएल सीडलिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे हे शस्त्र आपल्या स्वातंत्र्याहून जुने आहे. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने परळ येथे १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले आणि तेथे हा उपचार अनेक दशके चालत आला आहे.

परंतु त्याआधी गळ्यातील संपूर्ण ग्रंथी काढावी लागते. बाईंच्या मुलाने विचारले, "आजार डोक्यात आणि ऑपरेशन गळ्याचं का?" मी त्याला माझ्या भाषेत सांगितले. दिवाळखोरीत निघालेल्या पेढीच्या मालमत्तेवर जसा एखाद्याचा पहिला हक्क असतो, तसा शरीरातल्या आयोडीनवर गळ्यातल्या ग्रंथीचा पहिला हक्क असतो. ती जागेवर असली तर औषधाचा मोठा वाटा तीच उचलते, आणि डोक्यातल्या किंवा फुप्फुसातल्या पेशींच्या वाट्याला उरतसुरत येते. म्हणून पहिला हक्कदार आधी दूर करायचा.

शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात झाली. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठीचे कागदपत्र आपल्या समाजसेवा विभागाने तीन दिवसांत पूर्ण करून दिले. काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत फॉलिक्युलर कर्करोग निश्चित झाला. या प्रकारात सुईच्या तपासणीने तो कर्करोग आहे की साधी गाठ हे ठरत नाही. पेशींनी गाठीचे वेष्टन किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, हे संपूर्ण गाठ कापून पाहिल्यावरच कळते. मला हे ऐकून लेखापरीक्षणाची आठवण झाली. एका पावतीवरून काही ठरत नाही, सगळी वही उघडावी लागते.

नंतर आयोडीनची तयारी. ग्रंथी काढल्यावर द्यावी लागणारी गोळी चार आठवडे दिली नाही, कारण पेशी आयोडीनसाठी जितक्या आसुसलेल्या असतील तितके चांगले. त्या काळात माणूस मंदावतो, थंडी वाजते, चेहरा सुजतो, बद्धकोष्ठ होते. बाई म्हणाल्या, "अंगात शेण भरल्यावानी झालंय." त्यातच आयोडीनयुक्त मीठ बंद, समुद्राची मासळी बंद, दूध अगदी कमी. आयोडीनविरहित मिठासाठी मुलगा चार दुकाने हिंडला. जन्मभर ज्याला सांगत आलो, की आयोडीनचे मीठच खा, त्यालाच आता ते वर्ज्य करायला सांगायचे, आणि कारण समजावून सांगायचे, यात आमच्या आहारतज्ज्ञ ताईंचा सबंध एक तास गेला. तो तास कोणत्याही बिलात नाही.

आता त्या औषधाची गंमत. आयोडीन-१३१ देशात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टीत तयार होते आणि नवी मुंबईतील 'ब्रिट' या शासकीय मंडळामार्फत रुग्णालयांना पुरविले जाते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. आज शंभर असेल तर आठव्या दिवशी पन्नास, सोळाव्या दिवशी पंचवीस. मी तीस वर्षे मालसाठ्याच्या नोंदी पाहतो आहे, पण कुलूपबंद कोठारात कोणी हात न लावता निम्मा होणारा माल मी पाहिला नव्हता. तो साठवून ठेवता येत नाही. ठरल्या दिवशी रुग्ण पोहोचलाच पाहिजे. एसटीचा संप असो की घरात कोणी वारलेले असो. म्हणून बाई आणि मुलगा यांची मुंबईत आधीपासून राहण्याची व्यवस्था विश्वस्त मंडळाने केली. ताळेबंदात 'रुग्ण निवास साहाय्य' या शीर्षाखाली जी लहानशी रक्कम दिसते ती ही.

औषध घेतल्यावर बाईंना काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवले. त्यांच्या अंगातून किरण बाहेर पडत असतात, म्हणून नातेवाईक आत जात नाहीत आणि परिचारिकाही कामापुरत्याच थांबतात. त्या खोलीचे सांडपाणीसुद्धा सरळ गटारात सोडत नाहीत. वेगळ्या टाक्यांत, किरणोत्सर्ग उतरेपर्यंत, साठवून ठेवतात. आपल्या रुग्णालयात अशी खोली नाही. ती बांधण्याची सूचना काही विश्वस्तांनी केली आहे. अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, टाक्या, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि वर्षाकाठी येणारे मोजके रुग्ण पाहता माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते मी येथे उघडपणे नोंदवितो.

बाई घरी आल्या तेव्हा आणखी एक पेच होता. सून सात महिन्यांची गर्भवती. काही दिवस गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यापासून दूर राहायचे, ही सक्त सूचना. घर दोन खोल्यांचे. बाई आपल्या बहिणीकडे जाऊन राहिल्या. नातवंडाच्या आधी आपणच घराबाहेर, असे त्या हसून सांगत. मुलगी झाली आणि बाईंनी तिला मांडीवर घेतले तेव्हा सर्व मुदती उलटून गेल्या होत्या.

उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके उजळले, एक ठिपका कंबरेच्या हाडात. आजार तेथेही होता. पण ठिपके उजळले याचा दुसरा अर्थ असा, की त्या पेशी आयोडीन घेत होत्या. त्यानंतर एकदा तोच उपचार पुन्हा झाला. रक्तातील थायरोग्लोब्युलिनची पातळी पुष्कळ उतरली आहे. डोक्याच्या जागी आज केवळ व्रण आहे आणि त्यावर केस आलेले नाहीत. बाई बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. त्वचेपर्यंत पोहोचलेला आजार हा गंभीर आजार आहे. पुढे कधी पेशींनी आयोडीन घेणे सोडले तर सोराफेनिब, लेन्व्हाटिनिब यांसारख्या गोळ्या आहेत. अमेरिकेत या आजारासाठी त्यांना अनुक्रमे २०१३ आणि २०१५ मध्ये मान्यता मिळाली. त्या आजार रोखून धरतात, मुळासकट काढत नाहीत, आणि त्यांचे उपद्रवही असतात. बाईंवर तूर्त ती वेळ आलेली नाही. त्या रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात आणि ठरल्या तारखांना तपासणीस येतात.

या प्रकरणानंतर माझे २०१६ चे परिपत्रक मी रद्द करविले. आता नियम असा आहे, की आपल्या रुग्णालयात शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, मग ती मुगाएवढी का असेना, तपासणीस गेलीच पाहिजे. तपासणीचे शुल्क शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरले आहे. वेगळी पावती नाही आणि नापसंतीचा रकाना फॉर्मवरून काढून टाकला आहे. शस्त्रक्रियेच्या तबकात कात्री-चिमट्यांबरोबर फॉर्मेलीनची बाटली आधीच मांडलेली असते, नाव आणि क्रमांक लिहून. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांचा भार 'ऊतक तपासणी निधी' उचलतो.

एका सन्माननीय विश्वस्तांनी मंडळाच्या बैठकीत आक्षेप घेतला होता, आणि तो येथे सांगणे उचित होईल. ते म्हणाले, की बहुतेक गाठी साध्याच निघणार, मग हा खर्च वायाच जाणार. त्यांचे म्हणणे खरे आहे. अहवालांवर 'साधी गाठ' हेच शब्द बहुतेक वेळा येतात आणि मी ते समाधानाने फाइल करतो. आगीचा विमा आपण वर्षानुवर्षे भरतो, इमारत अद्याप जळाली नाही म्हणून तो हप्ता वाया गेला असे लेखापरीक्षकांनी कधी लिहिलेले नाही. विश्वस्त महोदयांनी नंतर या निधीस पहिली देणगी स्वतः दिली. नाव जाहीर करू नये अशी त्यांची अट आहे.

एक अडचण मोकळेपणाने मांडतो. यंत्रासाठी देणगी मिळते. यंत्रावर आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येते, उद्घाटनाला फीत कापता येते. फॉर्मेलीनच्या बाटलीवर पाटी लागत नाही. एका गाठीच्या तपासणीचा खर्च काहीशे रुपयांचा असतो आणि एवढ्या रकमेची देणगी द्यायला देणगीदारांनाच संकोच वाटतो. तो संकोच कृपया बाळगू नये. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला, मुलाच्या निकालाच्या दिवशी आपण पाठवाल ती रक्कम स्वीकारली जाईल आणि तिची पावती त्याच दिवशी मिळेल.

रुग्णांच्या नातेवाइकांना एकच विनंती. आईला, आजीला, कामवाल्या मावशींना डोक्यावर, गळ्यावर, कोठेही गाठ असेल तर ती किती वर्षांची आहे हे न पाहता डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कोठे गाठ काढली असेल तर तिचा अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा. अहवालच नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

निधीचा जमाखर्च अहवालाच्या शेवटी स्वतंत्र परिशिष्टात दिला आहे. त्यात तपासणीस गेलेल्या प्रत्येक गाठीची नोंद क्रमांकासह आहे, नावे अर्थातच नाहीत. तो तक्ता दर तीन महिन्यांनी मी स्वतः नोंदवहीशी ताडून पाहतो आणि त्याखाली माझी सही असते. प्रयोगशाळेची नोंदवही सभा संपल्यावर बाहेरच्या टेबलावर ठेवलेली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी.